हुएस तेलेस्फोरो आणि त्रेचाळीस बदकं

तेलेस्फोरो मालाबानानला पोटचं मूल नव्हतं, आणि धर्माची मुलं एकशे त्रेसष्ट होती. नाताळच्या सकाळी ती सगळी एका रांगेत उभी राहायची. रांग त्याच्या घराच्या शिडीपासून निघून, खाटकाच्या दुकानाला वळसा घालून, ओढ्यावरच्या पुलापर्यंत जायची. प्रत्येक मूल त्याचा हात उचलून आपल्या कपाळाला लावायचं आणि त्याची बायको कोलास प्रत्येकाच्या तळहातावर एक बिस्किट ठेवायची. दुपारपर्यंत तेलेस्फोरोचा हात खांद्यापासून बधिर झालेला असायचा आणि कोलासची जीभ सैल सुटलेली असायची. "देवाने एकच दिलं असतं तर एवढं पीठ मळावं लागलं नसतं," असं ती म्हणायची आणि म्हणता म्हणता पुढच्या पोराचं नाक पुसायची.

तेलेस्फोरो सांता ब्रिहिदा गावचा हुएस होता, म्हणजे न्यायाधीश. अमेरिकनांनी नेमलेला, शिक्क्याचा, टेबलाचा. या खुर्चीवर बसून त्याला सात वर्षं झाली होती आणि सात वर्षांत त्याने एकही निकाल दिला नव्हता.

हे कसं झालं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. तेलेस्फोरोची आई बदकं पाळायची, आणि पोरगा प्रार्थना शिकण्याआधी बदकांची भाषा शिकला. पुढे पाद्रीबाबांनी त्याला अक्षरं गिरवायला बसवलं तेव्हा लक्षात आलं, की या मुलाच्या डोक्याचं काय ते नंतर बघू, पण हात देवाचा आहे. असं अक्षर तळ्याच्या या काठावर कोणाचं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी तो गावच्या कापितानाचा, म्हणजे मुखियाचा, लेखनिक झाला. तेव्हा स्पॅनिश राज्य होतं आणि गावातल्या भांडणांचा निवाडा गावचा कापितान करायचा. कापितान होता किरिनो व्हियारूस. पोट मोठं, जमीन मोठी, आवाज त्याहून मोठा. तो दातात काडी घालून म्हणायचा, "दे त्याला पंचवीस फटके," आणि तेलेस्फोरो त्याचं सव्वा पान करायचा, वेलबुट्टीसकट. कागद इतका देखणा व्हायचा की फटके खाणाराही क्षणभर बघत राहायचा. अशी तेलेस्फोरोने वीस वर्षं काढली. शेकडो निकाल त्याच्या हातातून गेले आणि त्यातला एकही त्याचा नव्हता.

स्पॅनिश गेले. आपलं स्वतःचं सरकार आलं आणि त्या सरकारने तेलेस्फोरोला न्यायाधीश केलं. हे न्यायाधीशपण एकोणीस दिवस टिकलं. खटला एकच आला, डुक्कर चोरल्याचा. निकालाच्या दिवशी अमेरिकन तोफा वाजल्या आणि फिर्यादी, चोर आणि शिपाई तिघेही एकाच वाटेने डोंगरात पळाले. डुक्कर तेवढं तारखेला हजर राहिलं.

मग अमेरिकन आले. त्यांना प्रत्येक गावात असा एक माणूस हवा होता, ज्याला लिहिता येतं, ज्याच्याकडे काळा कोट आहे आणि ज्याने त्यांच्यावर गोळी झाडलेली नाही. तेलेस्फोरो तिन्हींत बसला. कोट मेव्हण्याचा होता, तो परत द्यायचा राहूनच गेला.

आता कुंपारेची गोष्ट. आमच्याकडे बाळाचा बाप्तिस्मा झाला की त्याच्या धर्मबापाचं आणि खऱ्या बापाचं, आजोबाचंसुद्धा, नातं जुळतं, ते भावापेक्षा घट्ट. ते एकमेकांचे कुंपारे. हाक मारायची ती 'पारे' म्हणून. आणि धर्मबाप व्हा असं कोणी विचारलं तर नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं की बाळाचं नशीब तिथेच फुटतं, हे सगळ्यांना माहीत आहे. विचारायला येणारा ताटलीत सुमान घेऊन येतो, पानात वाफवलेला चिकट गोड भात. तुम्ही एक घास खाल्लात की ठरलं. मग भले ताप असो, भूकंप असो, चर्चमध्ये मेणबत्ती धरून उभं राहायचंच.

तेलेस्फोरो हुएस झाला त्याच्या पहिल्याच महिन्यात गावचा खाटीक आणि गावचा शिंपी भांडत कोर्टात आले. दोघेही त्याचे कुंपारे. कायद्याच्या पुस्तकात होतं की हुएसने आपल्या रक्ताच्या किंवा सोयरिकीच्या माणसाचा खटला चालवू नये, तो शेजारच्या गावच्या हुएसकडे पाठवावा. तेलेस्फोरोने रात्रभर विचार केला. रक्ताचं नातं जन्माने चिकटतं, लग्नाचं तर बऱ्याचदा चुकीने; पण कुंपारेचं नातं माणूस देवासमोर, शुद्धीत, हातात मेणबत्ती धरून जोडतो. म्हणजे ते सगळ्यांत वरचं. मग पुस्तकात नसलं म्हणून काय झालं? त्याने खटला सान आन्सेल्मो गावच्या हुएसकडे पाठवून दिला. खाटीक खूश, शिंपी खूश. दोघांनीही संध्याकाळी अंडी पाठवली.

तिथून गाव शहाणं झालं. ज्याची बाजू लंगडी तो आधी बाळ शोधायचा. ज्याच्या घरात बाळ नव्हतं तो भावाचं उसनं आणायचा. तेलेस्फोरो घास खायचा, मेणबत्ती धरायचा आणि खटला सान आन्सेल्मोला पाठवायचा. त्याचा कारकून क्रिस्पुलो याने तर कागदच तयार करून ठेवले होते, 'हुएस नातेवाईक असल्याने प्रकरण वर्ग,' फक्त नावं भरायची. सान आन्सेल्मो अर्ध्या दिवसाच्या चालीवर. निम्मे खटले वाटेतल्या एका आंब्याखालीच मिटायचे, कारण वादी-प्रतिवादी थकून बसायचे आणि डबा एकाकडेच असायचा. कोणी हुएसवर रागावलं नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवून सात वर्षं इतक्या आरामात बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल.

पण निकाल द्यावा असं त्याला फार वाटायचं, हेही खरं. दुपारी क्रिस्पुलो जेवायला गेला की तो कोट घालून रिकाम्या कोर्टात उभा राहायचा आणि खुर्च्यांना निकाल सुनवायचा. "खिडकीजवळची खुर्ची दोषी," तो गंभीरपणे म्हणायचा, "तिने लंगडणं आजच्या आज बंद करावं." मग कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून बाहेर डोकावून यायचा.

आणि एका सोमवारी दोन गोष्टी एकदम झाल्या. प्रांताच्या मोठ्या न्यायाधीशांचं, पेटिबोनसाहेबांचं पत्र आलं. साहेबांनी कोर्टाची वही तपासली होती. ज्या कोर्टात सात वर्षांत एकही निकाल लागत नाही, ते कोर्ट कशाला हवं, असा त्यांचा साधा सवाल होता. शनिवारी ते जातीने येऊन मागे बसणार होते. त्या दिवशीही हुएसने काही निकाल दिला नाही, तर सांता ब्रिहिदाचं कोर्ट सान आन्सेल्मोत जमा आणि तेलेस्फोरो घरी.

पत्र वाचून तो घाम पुसत होता तेवढ्यात काखेत बदक घेऊन पासियाना आत आली. पासियाना साठीची, बिनलग्नाची, गावाच्या टोकाला एकटी राहणारी. तिच्याजवळ त्रेचाळीस बदकं होती आणि दुसरं काही नव्हतं.

"बसा, आलिंग पासियाना," तेलेस्फोरो म्हणाला; वयस्क बाईला आमच्याकडे मानाने आलिंग म्हणतात. "कोणाचं बाळ?"

"बाळ कुठलं? मी काय बाळ आणायच्या वयाची आहे?" ती म्हणाली. "कापितान किरिनोने गल्लीला कुंपण घातलंय. नातू झाला ना त्याला, तर म्हणे नातवाला अंगण हवं. गल्ली अंगणात गेली आणि माझ्या बदकांची तळ्याची वाट बंद झाली. आठ दिवस झाले. पाणी दिसलं नाही तर बदक अंडं देत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमची आई बदकंच पाळायची. मी बादलीने पाणी नेते, पण बादलीतल्या पाण्यात त्रेचाळीस बदकं कशी मावणार? मला वाट मोकळी करून द्या. नाहीतर ही विकायची आणि मीही बसायचं चर्चच्या पायरीवर."

क्रिस्पुलोने सवयीने वर्ग करण्याचा कागद पुढे ओढला. तेलेस्फोरोने त्याचा हात धरला. पासियानाला मूल नाही, म्हणजे तिच्याशी कुंपारेचं नातं नाही. आणि कापितान किरिनो? आपल्या जुन्या लेखनिकाला धर्मबाप हो म्हणून विचारणं कापितानाच्या पोटात कधी मावलं नव्हतं. तो अजून तेलेस्फोरोला रस्त्यात 'ए लेखनिक' म्हणून हाक मारायचा. तिच्याखेरीज गावात हा एकच माणूस होता जो हुएसचा कोणीही लागत नव्हता.

"शनिवारी," तेलेस्फोरो म्हणाला. "शनिवारी सकाळी निकाल."

कापितानाच्या कानावर हे जेवणाच्या वेळेआधीच गेलं. तो काही दुधखुळा नव्हता. सान आन्सेल्मोचा हुएस त्याच्या कोंबड्यांच्या झुंजीतला दोस्त होता. खटला तिकडे गेला की कुंपण कायमचं. त्यासाठी काय करायचं तेही त्याला कळत होतं, फक्त ते घशाखाली उतरत नव्हतं. शेवटी उतरलं. अकरा दिवसांच्या नातवाचा बाप्तिस्मा रविवारी ठरला आणि मंगळवारी सकाळी कापितान स्वतः हातात ताटली घेऊन हुएसच्या घराकडे निघाला.

कोलासने खिडकीतून पाहिलं. "अहो, कापितान येतोय. आणि ताटलीवर फडकं आहे."

तेलेस्फोरोने अर्धी विजार चढवलेल्या अवस्थेत स्वयंपाकघराच्या मागच्या शिडीवरून केळीत उडी मारली. विचारलं तर नाही म्हणता येत नाही, पण न सापडणाऱ्या माणसाला विचारणार कसं? कायद्याचं हे अंग त्याला एकदम सुचलं आणि पुढचे चार दिवस त्याने त्याच्यावर काढले.

बुधवारी तो न्हाव्याकडे बसला होता. एक गाल झाला होता आणि आरशात ताटली दिसली. तो फेस घेऊन पळाला आणि शनिवारपर्यंत एकाच गालाने हुएस राहिला. गुरुवारी कापितानाने त्याला बाजारात घेरलं तेव्हा तो चर्चमध्ये घुसला, आणि लपायला दुसरी जागा नाही म्हणून पापकबुलीच्या कपाटात पाद्रीच्या बाजूला जाऊन बसला. लगेच पलीकडे कोणीतरी गुडघे टेकले. जाळीतून खाटकाच्या बायकोचा आवाज आला.

"बाबा, मी जावेला डुकरीण म्हणाले."

तेलेस्फोरोने पाय आत ओढून घेतले.

"दोनदा म्हणाले, बाबा. प्रायश्चित्त सांगा ना. माझं दूध उतू जाईल."

आता काहीतरी बोलणं भाग होतं. सात वर्षांची सवय त्याच्या तोंडातून आपोआप बोलली. "तुझा नवरा माझा कुंपारे आहे. हे प्रकरण सान आन्सेल्मोच्या चर्चकडे वर्ग."

ती बिचारी खरंच गेली. संध्याकाळी पाय सुजवून परतली आणि आपले पाद्रीबाबा हल्ली किती कडक झालेत, हे चार घरी सांगून आली.

शुक्रवारी तेलेस्फोरो आजारी पडला. म्हणजे कोलासने त्याच्या डोक्याला फडकं बांधलं, पडदा ओढला आणि दारात सांगितलं, की हुएसना ताप आहे, कोणाशी बोलवत नाही. आजाऱ्याला भेटायला लोक येतात आणि रिकाम्या हाताने येत नाहीत. पडद्याच्या अलीकडे फणस, अंडी, वाळवलेले मासे यांचा ढीग साचला, आणि आजारी माणसाच्या वाट्याला मात्र सकाळपासून पेज. दुपारी कोलास ओढ्यावर गेली. तेलेस्फोरोने पडद्याखालून हात घातला. हाताला एक पान लागलं, ऊन ऊन. त्याने सोलून तोंडात टाकलं. मग दुसरं. तिसरं अर्ध्यावर असताना खालून आवाज आला.

"कसं लागलं, पारे?"

आमच्या घरांना खाली खांब असतात आणि वर बांबूच्या पट्ट्यांची जमीन. खाली सावलीत, कोंबड्यांच्या मध्ये, पालथ्या उखळावर कापितान किरिनो वारा घेत बसला होता. सकाळपासून बसला होता. आपल्या स्वयंपाकिणीच्या हातून वर ताटली पाठवून तो नुसता चावण्याचा आवाज ऐकायची वाट बघत होता.

"गूळ जास्त नाही ना झाला?" त्याने वर बघत विचारलं. "रविवारी आठ वाजता, लेखनिक. आणि उद्याचा तो बदकांचा खटला, तो आता तुझ्याने चालवणं बरं दिसणार नाही. आपण नात्यातले पडलो."

तो गेला. कोलास आली, तिने सोललेली पानं बघितली आणि झाडू घेतला. तेलेस्फोरोने कपाळ बडवून घेतलं. चार दिवसांची धावपळ, अर्धी दाढी, खाटकाच्या बायकोची पायपीट, सगळं पाण्यात. आता पेटिबोनसाहेब येणार, कोर्ट जाणार, खुर्ची जाणार. तो कोलासला म्हणाला, की माझ्या नशिबातच निकाल नाही. असं म्हणून तो आडवा झाला आणि सोमवारपासून पहिल्यांदाच डाराडूर झोपला.

सकाळी कोलासने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. "छान झोप लागली ना?" तिने विचारलं.

"हो, का?"

"काही नाही. चार रात्री तळमळत होतात. काल सुंठीवाचून खोकला गेला, तशी झोपलात."

तेलेस्फोरोची कॉफी तोंडातच राहिली. त्याला वाटलं होतं तो चार दिवस कापितानापासून पळतोय; पळत होता तो निकालापासून. शनिवारी भर कोर्टात, ज्याच्या काडीकडे बघत वीस वर्षं लिहिलं, त्याच्या तोंडावर त्याच्याविरुद्ध बोलायचं, या विचाराने त्याच्या पोटात चार दिवस गोळा होता. घास गिळला आणि गोळा गेला. खाटीक, शिंपी, ते एकशे त्रेसष्ट, सगळे घास असेच गेले होते. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने कोट घातला आणि बायकोकडे न बघता शिडी उतरला.

कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या बाकावर पेटिबोनसाहेब बसले होते, लालबुंद, उंच, गुडघे हनुवटीला लागलेले. साहेबांना मोडकीतोडकी स्पॅनिश यायची. पुढे उजवीकडे कापितान, पांढऱ्या सुटात, दातात काडी. डावीकडे पासियाना. तिने एक बदक टोपलीत घालून साक्षीला आणलं होतं.

कापितानाने आधी तोंड उघडलं. "त्रेचाळीस बदकं आहेत हिची. मी स्वतः मोजलीत. दिवसातून दोनदा माझ्या खिडकीखालून कलकलाट करत जातात. माझा नातू झोपायचा कधी? पण ते असू दे. हा खटला इथे चालणारच नाही. हुएस माझा नातेवाईक आहे."

लोक खुसखुसले. क्रिस्पुलोने कागद आधीच भरून टेबलावर ठेवला होता, दौतीत टाक बुडवून.

पेटिबोनसाहेबांनी मागून विचारलं, "हे खरं आहे का? तुम्ही नातेवाईक आहात?"

फक्त हो म्हणायचं होतं. साहेबांना कुंपारे म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. नातेवाईक म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. तेलेस्फोरोने टाक उचलला.

पासियाना उठली. तिला वाटलं, झालं. टोपलीवर फडकं टाकत तिने क्रिस्पुलोला विचारलं, "सान आन्सेल्मोच्या वाटेत पाणी कुठे लागतं रे? घरी बदकांजवळ बसायला कोणी नाही, तेव्हा सगळ्यांनाच घेऊन जावं लागेल. लंगडीला मी उचलून घेईन."

तेलेस्फोरोला ती वाट डोळ्यांसमोर दिसली. अर्धा दिवस ऊन, आणि या म्हातारीच्या पुढे त्रेचाळीस बदकं, त्याची सही घेऊन चाललेली. त्याने टाक खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "कापितान माझे नातेवाईक नाहीत. ते फक्त माझे कुंपारे आहेत."

फक्त कुंपारे, हे शब्द सांता ब्रिहिदात आजवर कोणी उच्चारले नव्हते. खाटकाने छातीवर क्रूसाची खूण केली. कापितानाच्या तोंडातली काडी खाली पडली.

"लेखनिक," तो म्हणाला, "शुद्धीत आहेस ना?"

"आहे, कापितान. कुंपण काढा. आजच."

वीस वर्षं सव्वा सव्वा पान लिहिणाऱ्या माणसाचा पहिला निकाल एवढाच होता. साहेबांनी कारण विचारलं. तेलेस्फोरोने सांगितलं. ती गल्ली कापितानाच्या घराच्या आधीपासून तळ्याकडे जाते. त्याची आई याच वाटेने बदकं न्यायची आणि मागून हाकायला तो स्वतः असायचा. आणि नातवाला अंगण हवं असेल तर घराच्या पलीकडे कापितानाच्या मालकीची अख्खी वाडी पडली आहे. क्रिस्पुलो टाक धरून तसाच बसला होता. निकाल कसा लिहितात हे त्याला माहीतच नव्हतं. शेवटी हुएसने स्वतःच लिहिला. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत वाईट अक्षर त्याच्या पहिल्या निकालाला मिळालं.

पेटिबोनसाहेबांनी आपल्या अहवालात दोनच गोष्टी लिहिल्या. खिडकीजवळच्या खुर्चीचा पाय दुरुस्त करावा, आणि कोर्टात बदक आणू देऊ नये. बाकी काम समाधानकारक. खुर्ची राहिली.

पुढे तेलेस्फोरोने अजून चौदा वर्षं हुएसगिरी केली आणि दोनशेच्या वर निकाल दिले. त्यातले काही चुकले. एक तर इतका चुकला की वादी आणि प्रतिवादी दोघे मिळून त्याची समजूत घालायला आले. आणि त्याची किंमतही त्याला पडली. शनिवारनंतर पुरी दोन वर्षं त्याच्या शिडीवर कोणीही सुमानची ताटली घेऊन चढलं नाही. ज्याच्या लेखी आपण 'फक्त' आहोत, त्याच्या हातात मेणबत्ती कोण देणार? नाताळला रांग आली, पण पोरं हात कपाळाला लावून भरभर निघून गेली. कोलास त्या दिवशी काही बोलली नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

पण ते नंतरचं. आधी तो रविवार.

खाल्लेला घास परत देता येत नाही. आठ वाजता तेलेस्फोरो दोन्ही गाल करून, कोट घालून, कोलासबरोबर चर्चमध्ये हजर झाला आणि मेणबत्ती घेऊन एकटाच उभा राहिला. कापितान येईल याची त्याला खात्री नव्हती. लोक मागे वळून वळून बघत होते. सव्वाआठ झाले. मेण त्याच्या बोटांवर ओघळलं. साडेआठला दारात सावली पडली. कापितान किरिनो आला, मागे मुलगा, सून आणि फीत लावलेलं बाळ. कापितानही अडकलाच होता. एकदा ठरलेला धर्मबाप बदलला तर बाळाचं नशीब फुटतं, हे त्यालाही माहीत होतं. तो तेलेस्फोरोच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि सबंध विधी होईपर्यंत समोरच्या खांबाकडे बघत राहिला. पाणी पडलं तेव्हा बाळ असं ओरडलं, की आवाज आजोबाचाच आहे याबद्दल कोणाला शंका राहिली नाही.

मग मंडळी मेजवानीसाठी कापितानाच्या घराकडे निघाली. रीतीप्रमाणे बाळ धर्मबापाच्या हातात. तळ्याच्या गल्लीपाशी आले आणि सगळ्यांना थांबावं लागलं. कुंपण शनिवारी संध्याकाळीच निघालं होतं. बांबूचे तुकडे कडेला रचलेले होते. आणि मोकळ्या गल्लीतून, मान पुढे काढून, एकमेकांच्या शेपटीला चोच लावून, पासियानाची बदकं तळ्याकडे निघाली होती. पहिली पाण्यात पोहोचून पंख झटकू लागली तरी मागची रांग संपत नव्हती. घरात पक्वान्नं निवत होती. धूळ कापितानाच्या पांढऱ्या सुटावर बसत होती. तो दातओठ खात उभा होता, पण बदकांमधून वाट काढून जाणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

तेलेस्फोरोने आयुष्यात शेकडो निकाल लिहिले होते. चालताना बघितलेला हा पहिलाच. त्याला इतका आनंद झाला की हातातल्या बाळाला घट्ट धरावं लागलं, आणि आपण आईसारखं जिभेने बदकं हाकतोय हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

"अजून किती आहेत?" कापितानाने शेवटी विचारलं. कालपासून तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि समोर बघत बोलत होता.

"त्रेचाळीस," तेलेस्फोरो म्हणाला. "तुम्हीच मोजली होती, पारे."

एवढ्या वर्षांत त्याने कापितानाला या नावाने हाक मारली नव्हती. कापितानाने सुटावरची धूळ झटकली आणि तो शेवटच्या लंगड्या बदकाची वाट बघत, नातवाच्या धर्मबापाशेजारी उभा राहिला.